गुलाबभाऊचं जोरदार इंग्रजी

गुलाब बांबोळे हा माणूस तोंडाने भित्रा आणि टाइपरायटरवर शूर होता. समोरून साधा तलाठी आला तरी हा खुर्चीतून अर्धा उठायचा, आणि त्याच तलाठ्याविरुद्ध कोणाचा अर्ज लिहायला बसला की पहिल्याच ओळीत त्याला खोटारडा ठरवून मोकळा व्हायचा. अर्थात इंग्रजीत. गडचिरोलीला कचेरीसमोरच्या टिनाच्या शेडखाली त्याचं आणि माझं टेबल लागून होतं. तो अर्जनवीस, मी स्टॅम्पवाला. त्याच्या टाइपरायटरच्या खडखडीने माझा एक कान गेला असं मी त्याला ऐकवायचो, आणि तो म्हणायचा, "श्रीहरीभाऊ, दुसरा शाबूत हाय ना, मंग झालं."

चंद्रपुरातून तुटून गडचिरोलीचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हाची ही गोष्ट. भाड्याच्या घरांत ऑफिसं उघडली, साहेब आले, साहेबांच्या मागोमाग नोटिसा आल्या. पूर्वी चंद्रपूरला जाण्यात दोन दिवस मोडायचे, म्हणून लोक कागद आढ्याला खोचून गप्प बसायचे. आता ऑफिस जवळ आलं. एटापल्लीपासूनची माणसं घडी घातलेला कागद कनवटीला लावून आमच्या शेडखाली यायला लागली. गुलाबही त्याच साली चंद्रपूर सोडून इकडे आला. एस.टी.च्या टपावर टाइपरायटर ठेवायला त्याचं मन घेईना, म्हणून सगळा रस्ता तो मांडीवर घेऊन बसला होता.

तो मूळचा मूल गावाकडचा. बाप भाताच्या गिरणीत पोती उचलायचा. छप्पन्न साली बौद्ध धम्माच्या दीक्षेसाठी बाप त्याला खांद्यावर बसवून चंद्रपूरला घेऊन गेला होता, आणि परत येताना सगळ्या वाटेने एकच सांगत होता, की तू शिकायचं, आपल्याला कोणी काहीही कागद दाखवतं आणि आपण अंगठा देतो. गुलाब मॅट्रिक झाला, टायपिंग शिकला आणि चंद्रपूरला एका वकिलाकडे मुनशी म्हणून राहिला. तिथे त्याला ते शब्द सापडले. खोट्याला इंग्रजीत किती नावं आहेत हे पाहून हा माणूस हरखूनच गेला.

त्यांची त्याने प्रतवारीच लावली होती. बारीकसारीक चूक असेल तर 'इनकरेक्ट'. अर्धं सांगितलं आणि अर्धं दडवलं असेल तर 'सप्रेशन ऑफ मटेरियल फॅक्ट्स'. प्रत्येक गोष्ट खरी, पण अशी मांडली की वाचणारा भलतीकडेच जावा, तर 'मिसलीडिंग'. मुळातच रचलेलं असेल तर 'फॅब्रिकेटेड'. आणि नंतर डोकं चालवून जोडलेलं असेल तर 'आफ्टरथॉट'. हा शेवटचा शब्द तो उच्चारायचा तेव्हा पानाच्या विड्यासारखा तोंडात घोळवायचा.

मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, मराठीत काय शब्दांचा दुष्काळ आहे? थाप आहे, लबाडी आहे, बनाव आहे."

"ते बोलाचे शब्द झाले भाऊ," तो म्हणाला. "साहेबाले लिहून पाहा, तुमी थाप मारली मनून. जोडा खासान. पन 'युवर रिपोर्ट इज मिसलीडिंग' लिहा, साहेब चष्मा पुसून वाचते. गरिबाले साहेबाले खोटा म्हनाचा हा एकच रस्ता हाय."

खरंच होतं ते. केसरबाई नावाची अंगणवाडीतली मदतनीस होती, तिच्यावर सुकडीचं पोतं विकल्याचा आळ आला. गुलाबने दीड पानाचं उत्तर ठोकलं, त्यात 'कॉन्कॉक्टेड स्टोरी' असा एक नवीन बार उडवला. प्रकरण बंद झालं. ते उत्तरामुळे झालं की पोतं मागच्या खोलीत सापडल्यामुळे, हे देव जाणे, पण केसरबाईने बाजारात, पाण्यावर, गाडीत, सगळीकडे सांगितलं की गुलाबभाऊच्या इंग्रजीने मी वाचली. मग काय विचारता! माणसं येऊन बसायची आणि काय झालं ते सांगण्याआधीच म्हणायची, "भाऊ, ते फॉल्सवालं टाका जी."

गुलाब टाकायचा. नोटीस घ्यायची, नाव विचारायचं, बापाचं नाव, गाव, आणि कागद चढवायचा. पार्टीला तो फारसं विचारायचाच नाही. यावरून आमची रोज जुंपायची. मी म्हणायचो, "बाबा, निदान काय घडलं ते तरी विचार." तो म्हणायचा, वकीलसाहेबही विचारत नव्हते, पार्टीला जास्त विचारलं की इंग्रजी ढिली पडते. सगळं नाकारायचं, एकही गोष्ट कबूल करायची नाही, ही त्या वकिलाची रीत. कोर्टात ती चालत असेल. तिथे पुढे बोलायला वकील असतो.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुखरू उसेंडी आला.

धानोऱ्याच्या पुढे जंगलात कोसमटोला म्हणून दहा-बारा घरांचं गाव होतं, तिथला हा गोंड माणूस. वय चाळिशीचं असेल. जंगल खातं उन्हाळ्यापुरते रोजीवर फायर वाचर ठेवतं, वणवा दिसला की हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवायचा आणि गावं उठवायची, हे त्यांचं काम. मुखरू ते पंधराएक वर्षं करत होता. पायाच्या पोटऱ्यांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. त्या साली जुन्या वाचरांपैकी काहींना कायम वनमजूर करायचं ठरलं होतं आणि त्यात त्याचं नाव वर गेलं होतं. कायम म्हणजे बारा महिने काम, खाकी कपडे, म्हातारपणी पेन्शन. कोसमटोल्यात तोवर कोणालाही असलं काही मिळालं नव्हतं. बायकोने, धुरपताने, खाकी शर्टासाठी खुंटीसुद्धा ठोकून ठेवली होती, हे त्याने आम्हाला हसत सांगितलं.

आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या भागातलं सागाचं कोवळं रोपवन जळालं. कोणीतरी कळवलं की मुखरू स्वतःच आग लावताना दिसला. नोटीस निघाली. जंगलात आग लावल्याबद्दल तुला यादीतून का काढू नये, सात दिवसांत लेखी खुलासा कर.

"लावली का तू?" हे मी विचारलं, गुलाबने नाही.

मुखरू बाकावरून पुढे सरकला. "रोपवनाकडे मी गेलोच नाई जी. ते रस्त्याकडून जळलं, तिथी ठेकेदाराचे मानसं सैपाक करत होते. मी मोहाखाली..."

"ते मोहाचं राहू दे," गुलाब म्हणाला. कागद चढला होता, कार्बन लागला होता, आणि एकदा त्याची बोटं चालू लागली की मधे बोललेलं त्याला खपत नसे. "मंग पाहू ते."

मुखरू बाकावर परत मागे सरकला. शिकलेल्या माणसाचं काम चालू असताना बोलू नये एवढी त्याला समज होती.

आता या मोहाचं सांगायला हवं. तिकडे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात, झाडं जंगलात असली तरी. चैतात पहाटे फुलं गळतात. खाली पाचोळ्याचा थर असला तर फुलं दिसत नाहीत, वेचता येत नाहीत. म्हणून फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला झाडून गोळा करतात, भोवती जमीन मोकळी करतात, आणि तेवढं पेटवतात. विझेपर्यंत माणूस तिथून हलत नाही. गावातला प्रत्येक माणूस हे करतो. कधी कोणाची ठिणगी उडते आणि जंगल पेटतं हेही खरं, म्हणून खात्याचा त्याला विरोध, पण गार्डाच्या घरची माणसंही मोह वेचतात, त्यामुळे सगळे डोळ्यांवर कातडं ओढून घेतात. मुखरूला तर यात सांगण्या-लपवण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं.

गुलाबने उत्तर पूर्ण केलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. आजूबाजूची माणसं ऐकायला थांबली. "द सेड रिपोर्ट इज टोटली फॉल्स, फॅब्रिकेटेड अँड मिसलीडिंग. द नोटिसी हॅज नेव्हर लिट एनी फायर ऑफ व्हॉट्सोएव्हर नेचर, एनीव्हेअर इन द फॉरेस्ट, अ‍ॅट एनी टाइम." म्हणजे हा रिपोर्ट साफ खोटा, रचलेला आणि दिशाभूल करणारा आहे, आणि या माणसाने जंगलात कुठेही, कधीही, कसलीही आग लावलेली नाही. शेवटचं 'अ‍ॅट एनी टाइम' म्हणताना त्याने टेबलावर बोट आपटलं. मुखरूच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की विचारू नका. त्यातलं त्याला अक्षर कळलं नव्हतं, आणि गुलाबने ते मराठीत सांगितलंही नव्हतं. त्याने अंगठा दिला, शाई डोक्याच्या केसांना पुसली आणि म्हणाला, "जोरदार झालं जी."

चौकशीला गुलाबने मला ओढून नेलं. जंगल खात्याच्या साहेबाच्या खोलीत एकट्याने शिरायची त्याची हिंमत नव्हती, आणि मुखरू त्याच्या भरवशावर आलेला. साहेब तरुण होता, पुण्याकडचा, नुकताच बदलून आलेला. उगीच गुरकावणाऱ्यांतला नव्हता. आम्हाला त्याने बसायला सांगितलं, मुखरूलाही. मुखरू जमिनीवर बसायला लागला तर खुर्ची दाखवली. मला त्या साहेबाचा राग करायला जागाच मिळेना, आणि याचाच मला अजून राग येतो.

साहेबाने उत्तर वाचलं. मग मुखरूकडे पाहून मराठीत म्हणाला, "तुमचं म्हणणं असं आहे, की तुम्ही जंगलात कधीच, कुठेच, कसलीच आग लावलेली नाही."

मुखरूला नवल वाटलं. "कोन म्हन्ते जी?" तो म्हणाला. "मोहाखाली लावतो ना मी. दरसाली लावतो. सारेच लावतात. झाडून काढतो, मंग लावतो, आन विझेवरी उभा राह्यतो. माह्या मोहावरून कधी जंगल नाई जळलं सायेब. पुसा कोनालेबी."

गुलाबने माझा गुडघा दाबला.

"मग हे काय आहे?" साहेबाने कागद वळवून दाखवला. "यात एनी फायर, एनीव्हेअर, अ‍ॅट एनी टाइम, असं स्वच्छ लिहिलंय. हे तुमचं उत्तरच मिसलीडिंग आहे."

तो शब्द टेबलाच्या त्या बाजूने आलेला मी पहिल्यांदा ऐकला.

गुलाब उठला. मला वाटलं नव्हतं तो उठेल, पण उठला. "सर, ती माझी चूक आहे," तो म्हणाला, आणि मुखरूकडे हात करून पुढे म्हणाला, "मी ह्याले विचारलं नाही सर. तो सांगत होता. मीच लिहून टाकलं."

साहेबाने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे अंगठ्याच्या वर एक ओळ होती. गुलाब ती प्रत्येक कागदावर टाइप करायचा, बोटांनाच सवय होती. वरील मजकूर मला मराठीत वाचून आणि समजावून सांगितला, तो खरा आहे. इंग्रजीत होती, पण अर्थ हाच.

"वाचून सांगितलं होतंत?" साहेबाने विचारलं.

गुलाबने त्या ओळीकडे पाहिलं. तो उभाच राहिला. मुखरू एकदा त्याच्याकडे, एकदा साहेबाकडे पाहत होता, आणि काहीतरी बिघडलंय एवढंच त्याला कळलं असावं, कारण तो खुर्चीवरून उतरून खाली बसला.

साहेब कागद मिटवत म्हणाला, "मोहाखाली पाला जाळला एवढंच लिहिलं असतं तर मी ताकीद देऊन फाइल बंद केली असती. रोपवन याने जाळलं असं मलाही वाटत नाही. पण खात्याला लेखी उत्तरात खोटं सांगणाऱ्या माणसाला मी कायम कसा करू? उद्या वरून मलाच विचारतील."

पुढच्या महिन्यात हुकूम आला. आग लावल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. दिशाभूल करणारी माहिती दिली म्हणून मुखरू उसेंडी याचं नाव यादीतून कमी. यापुढे रोजीवरही घेऊ नये. म्हणजे जे केलं नाही त्यातून तो सुटला, आणि जे त्याने केलंच नव्हतं, गुलाबने केलं होतं, त्यात अडकला.

त्यानंतर गुलाब शेडखाली यायचा, पण काम घेईना. कोणी 'फॉल्सवालं टाका' म्हटलं की त्याला दुसऱ्या टेबलावर पाठवायचा. घरी आशाबाई, त्याची बायको, मला म्हणाली, "रात्री जेवत नाई, भाऊ. नुसते भातावरून हात फिरवून उठून जातात." मी त्याची पुष्कळ समजूत घातली. तुझ्यामुळे किती जण वाचले, एकाचं बिघडलं, असं होतंच. मला स्वतःलाच ते बोलणं पटत नव्हतं, त्याला काय पटणार!

एक दिवस त्याने हाताने, शुद्ध मराठीत एक जबाब लिहिला. मी विचारलं नाही, मी वाचून दाखवलं नाही, तळाची ओळ मी खोटी लिहिली, मुखरूचा यात दोष नाही, माझा परवाना काढून घ्यावा. खाली सही. हे लिहायला त्याला दुपार लागली. इतका साधा कागद मी त्याच्या हातचा कधी पाहिला नव्हता. तो जंगल खात्याच्या ऑफिसात घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आला. येणारे कागद घेणाऱ्या आवकच्या बाबूने तो घेतलाच नाही. चौकशी संपली, हुकूम झाला, तुम्ही या प्रकरणात कोण, असं त्याने विचारलं. गुलाबने पुष्कळ विनवलं, तेव्हा बाबू हसून म्हणाला, हे तर आफ्टरथॉट झालं. साहेब दौऱ्यावर होता. परत आला तोवर त्याच्या बदलीचं चालू होतं, आणि त्याने दोन मिनिटं ऐकून सांगितलं की आता माझ्या हातात काही नाही, अपील असतं ते वरच्या साहेबाकडे. तो खोटं बोलत नव्हता.

मुखरू आला तेव्हा पोळा होऊन गेला होता. आम्हाला वाटलं शिव्या देईल, किंवा नुसताच येऊन रडेल. गुलाब तर त्याला लांबून पाहूनच उभा राहिला. मुखरूने त्याच्या पायांकडे वाकून नमस्कार केला. सध्या काय करतोस म्हणून मी विचारलं, तर म्हणाला त्याच ठेकेदाराकडे बांबू तोडायला जातो. खाकी शर्टाचं मी काही काढलं नाही.

गुलाब म्हणाला, "मुखरू, मले माफ कर बापा. मीच तुले बुडवलं."

"असं काऊन म्हन्ता भाऊ?" मुखरू खरोखरच दुखावला. "तुमी तं चांगलंच लेहलं होतं. सायेब कसा गप झाला होता वाचून. माह्यंच तोंड फसलं. मले का मालूम, तिथी खरं बोलाचं नसते ते."

गुलाब खाली बसला. शेडखाली गर्दी होती, कोणीतरी माझ्याकडे पाच रुपयांचा स्टॅम्प मागत होतं, मी त्याला ओरडून थांबवलं.

मुखरूला गावात कोणीतरी अपिलाचं सांगितलं होतं. मोठा साहेब चंद्रपूरला बसतो, तो पुन्हा ऐकतो. त्यासाठी तो आला होता. आणि या वेळी चुकायचं नाही असं ठरवून आला होता. बाकावर मांडी घालून तो नीट बसला.

"आता मी आपल्या मनानं एक अक्षर बोलत नाई," तो म्हणाला. "तुमी सांगान तेच बोलतो. पाठ करून घेतो. मोठा सायेब पुसन, मोहाखाली लावते का तू? तं हाव मनू का नाई मनू?"

हो म्हणावं तर अंगठ्याचा कागद पुढे येणार. नाही म्हणावं तर त्याने साहेबासमोर दिलेला जबाब. गुलाबने टाइपरायटरवरचं फडकं काढलं, परत घातलं. माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होतो?

"सांगा ना भाऊ," मुखरू म्हणाला. "हाव मनू का नाई?"

एटापल्लीची गाडी लागली, माणसं धावली, शेड रिकामं झालं. मुखरू गुलाबच्या तोंडाकडे पाहत बसून होता.